एकट्याने उभारलेले मराठी शब्दकोड्यांचे संकेतस्थळ : सुरू करण्यापूर्वी काय तपासावे?

चौकटकार :

नमस्कार. मी पुण्यात वेब डेव्हलपर म्हणून नोकरी करतो आणि नोकरीबाहेरच्या वेळात रोज एक मराठी शब्दकोडे देणारे संकेतस्थळ एकट्याने उभारतो आहे. वर्तमानपत्रातले कोडे पेन्सिलीने सोडवणारा वाचक आता सकाळी फोन हातात घेऊन बसतो. त्याला त्या पडद्यावर आडवे आणि उभे शब्द तितक्याच सहजतेने भरता यावेत, एवढाच या खटाटोपाचा हेतू आहे.

नऊ बाय नऊची चौकट रिॲक्ट या जावास्क्रिप्ट लायब्ररीत तयार आहे. प्रत्येक घर हे एक स्वतंत्र इनपुट असून, इंग्रजी क्रॉसवर्डसाठीच्या एका मुक्तस्रोत प्रकल्पात असते त्याप्रमाणे घरात काही उमटले की कर्सर आपोआप पुढच्या घरात जातो. मराठीत मात्र 'कि' लिहायला गेल्यास 'क' उमटताच कर्सर सरकतो आणि वेलांटी शेजारच्या घरात ठिपक्यांच्या वर्तुळाला चिकटून बसते. दुसरी अडचण उत्तर तपासण्याची आहे. 'वऱ्हाड' हे उत्तर मी संगणकावर टंकून ठेवले होते. वडिलांनी त्यांच्या फोनवरून तेच भरले, तेव्हा डोळ्यांना दोन्ही सारखे दिसत असूनही ते चूक ठरले.

मोबाइलवर ओटीपी पाठवून लॉगिन, जुन्या कोड्यांसाठी मासिक वर्गणी आणि सलग किती दिवस कोडे सोडवले याची नोंद, एवढे अजून करायचे आहे. २७ फेब्रुवारीला, म्हणजे मराठी भाषा गौरव दिनी, स्थळ खुले करावे असे मनात आहे आणि हातात तीन महिने आहेत. यातले काय आधी करावे, काय सोडून द्यावे आणि वरच्या दोन अडचणींवर उपाय काय, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.


अर्धचंद्र :

तुमच्या दोन्ही अडचणींचे मूळ एकच आहे. शब्दकोड्याच्या घरात आपण अक्षर लिहितो आणि संगणक कोडपॉइंट, म्हणजे युनिकोडने प्रत्येक वर्णाला किंवा चिन्हाला दिलेले क्रमांक, मोजतो. 'स्त्री' हे आपल्या लेखी एक अक्षर, एक घर. युनिकोडच्या लेखी मात्र ते स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ ईकार असे सहा कोडपॉइंट आहेत. इंग्रजीसाठी लिहिलेल्या कोडमध्ये हा फरक कोणाला जाणवतच नाही.

प्रत्येक घराला स्वतंत्र इनपुट देण्याची रचना सोडून द्या. ती दुरुस्त करत बसण्यात अर्थ नाही. 'क' उमटल्यानंतर लिहिणाऱ्याला 'क' हवा आहे, 'कि' हवी आहे की 'क्ष' हवा आहे, हे पुढची कळ दाबली जाईपर्यंत कोणालाच कळू शकत नाही, त्यामुळे उडी कधी मारायची या प्रश्नाला बिनचूक उत्तर नाही. त्याऐवजी संपूर्ण शब्दासाठी एकच अदृश्य इनपुट ठेवा, त्यातला मजकूर दर बदलानंतर अक्षरांत तोडा आणि घरांचा उपयोग ती अक्षरे दाखवण्यापुरताच करा. म्हणजे पुढचे व्यंजन टंकले की ते आपोआप पुढच्या घरात दिसेल, आणि हलन्तानंतर आलेले व्यंजन आधीच्याच घरात जोडाक्षर होऊन बसेल. काटशब्दामुळे, म्हणजे त्याच घरातून जाणाऱ्या दुसऱ्या शब्दामुळे, एखादे घर आधीच भरलेले असले तरी वाचकाला पूर्ण शब्द टंकू द्या. काटावरचे अक्षर बदलले तर त्या घराचा रंग बदलून सूचना द्या.

कळ दाबल्याच्या घटनेवर मात्र विसंबू नका. अँड्रॉइडवरील बहुतेक कळफलक तिथे प्रत्येक कळीसाठी २२९ हाच क्रमांक पाठवतात, त्यामुळे कोणती कळ दाबली ते समजत नाही. इनपुट घटनेतून मजकूर वाचावा. रोमन लिपीत टंकून देवनागरी मिळवणाऱ्या कळफलकांमध्ये शब्द अर्धवट अवस्थेत असताना कंपोझिशन, म्हणजे कळफलकाची शब्दजुळणी, चालू असते. त्या वेळी तुम्ही इनपुटमधला मजकूर स्वतः बदलला, तर अक्षरे दुप्पट होणे किंवा गळणे हमखास घडते. मागे खोडण्याचे कामही कळफलकावरच सोपवावे, कारण देवनागरीत एका दाबात सहसा एकच कोडपॉइंट जातो आणि मराठी लिहिणाऱ्याला त्याची सवय असते.

अक्षरे तोडण्यासाठी ब्राउझरमध्ये इंटल सेगमेंटर ही मजकुराचे तुकडे पाडणारी सोय उपलब्ध आहे, पण या कामासाठी मी त्यावर अवलंबून राहणार नाही. जोडाक्षराला एकच एकक मानण्याचा नियम युनिकोडमध्ये २०२३ साली, १५.१ या आवृत्तीत आला. त्यापूर्वीच्या नियमांवर चालणारा ब्राउझर 'स्त्री'चे स्, त् आणि री असे तीन तुकडे करतो. शिवाय फायरफॉक्समध्ये ही सोयच २०२४ मध्ये आली. म्हणजे एकच कोडे नव्या फोनवर सुटेल आणि जुन्या फोनवर घरे कमी पडतील. त्यापेक्षा स्वतःचा नियम लिहावा: व्यंजन, त्यानंतर हलन्त आणि व्यंजन यांची हवी तितकी पुनरावृत्ती, मग असल्यास स्वरचिन्ह, मग असल्यास अनुस्वार, चंद्रबिंदू किंवा विसर्ग, अन्यथा स्वतंत्र स्वर आणि त्यावरील अनुस्वार. शेवटी सुटा हलन्त आला तर तो आधीच्याच घरात ठेवावा. दहा-बारा ओळींत हे होते. उत्तरे मात्र साठवतानाच अक्षरांच्या यादीच्या स्वरूपात साठवा, म्हणजे चौकट वाचकाच्या ब्राउझरच्या मर्जीवर राहत नाही.

आता 'वऱ्हाड'. यातला अर्धा र दोन प्रकारे लिहिला जातो. एका प्रकारात ऱ या स्वतंत्र वर्णाला हलन्त जोडलेला असतो. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यानंतर शून्य रुंदीचा जोडक, म्हणजे झेडडब्ल्यूजे, असतो. दोन्ही दिसायला सारखे आणि दोन्ही प्रचलित. युनिकोडचे प्रमाणित एनएफसी रूप घेतले तरी हे दोन एक होत नाहीत, कारण त्या नियमांच्या दृष्टीने ते समतुल्यच नाहीत. 'ॲ' हा एकसंध वर्ण आणि 'अ' वर चंद्र देऊन केलेली जोडणी यांचीही तीच कथा, 'ऑ'चीही तीच. म्हणून एनएफसी करून झाल्यावर स्वतःचे एक लहान कोष्टक लावावे: जोडक असलेला अर्धा र बदलून ऱ आणि हलन्त, अ व चंद्र बदलून ॲ, आ व चंद्र बदलून ऑ. हे झाल्यावरच उरलेले अदृश्य जोडक आणि विभाजक काढून टाकावेत. हा क्रम उलटा झाला, तर आधी जोडक जाईल आणि 'वऱ्हाड'मधला अर्धा र 'ह'वरचा रफार होऊन बसेल. साठवलेले उत्तर आणि भरलेले उत्तर, दोन्ही याच एका फंक्शनमधून गेली पाहिजेत.

उत्तरांची यादी तपासायला पायथनची स्क्रिप्ट लिहिणार असाल, तर तिथल्या रेग्युलर एक्स्प्रेशनमधील (मजकुरात नमुने शोधण्याच्या सूत्रांमधील) 'शब्दवर्ण' या वर्गात मात्रा मोडत नाहीत हेही ध्यानात ठेवा. तो वापरल्यास प्रत्येक मराठी शब्द मात्रेपाशी तुटतो.


तळघर :

अक्षरांचा विषय वर सविस्तर आला आहे, म्हणून मी फक्त सोडून देण्याच्या गोष्टींबद्दल लिहितो.

ओटीपीचा विचार सोडा. भारतात व्यावसायिक एसएमएस पाठवण्यासाठी ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०१८ च्या नियमांनुसार डीएलटी या नोंदणी व्यवस्थेत पाठवणाऱ्याची, त्याच्या हेडरची (संदेशावर दिसणाऱ्या नावाची) आणि संदेशाच्या प्रत्येक साच्याची नोंदणी लागते. नोंदणीकृत व्यवसाय नसलेल्या एकट्या माणसाने शब्दकोड्यासाठी ही कागदपत्रे जमवावीत, एवढे त्या लॉगिनचे मोल नाही. क्रमांक साठवला की वैयक्तिक डेटा संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्याचाही विचार करावा लागतो. त्या कायद्यात अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक मानली जाते आणि तिची माहिती हाताळण्यापूर्वी पालकांची पडताळणीयोग्य संमती अपेक्षित आहे. शाळकरी मुले कोडी सोडवणारच. माहिती गोळाच केली नाही, तर हा प्रश्न उद्भवत नाही.

वर्गणीही पहिल्या वर्षी नको, असे माझे मत आहे. पेमेंट गेटवे सुरू करताना केवायसी, परताव्याचे धोरण, गोपनीयतेचे धोरण, संपर्काचा पत्ता हे सारे द्यावे लागते, आणि ज्या दिवशी तुम्ही पैसे घेता त्या दिवसापासून बंद पडलेले कोडे ही ग्राहकाची तक्रार होते.

हे दोन्ही वगळल्यावर सर्व्हर आणि डेटाबेस यांचीही गरज उरत नाही. रोजचे कोडे म्हणजे काही किलोबाइटची एक जेसन फाइल, म्हणजे साध्या मजकुरात माहिती साठवणारी फाइल. संपूर्ण स्थळ स्थिर फाइलींचे करून गिटहब पेजेस या स्थिर स्थळे ठेवण्याच्या सेवेवर किंवा तत्सम ठिकाणी ठेवा. तिथली महिन्याला १०० जीबीची सौम्य मर्यादा अशा स्थळाला सुरुवातीला भरपूर आहे. वर्डल हा शब्दखेळ जोश वॉर्डल यांनी एकट्याने केला, त्यात लॉगिन नव्हते, जाहिराती नव्हत्या आणि येणाऱ्या दिवसांची उत्तरे पानाच्या कोडमध्येच होती. १ नोव्हेंबर २०२१ रोजी तो ९० जण खेळले आणि दोन महिन्यांनी एका दिवसात तीन लाखांहून अधिक. उत्तरे उघडी असल्याचा फटका बसला नाही, कारण बक्षीस नव्हते. तुमच्याकडेही नाही.

सलग दिवसांची नोंद ब्राउझरच्या लोकल स्टोरेजमध्ये, म्हणजे वाचकाच्याच फोनवर, ठेवता येईल, फक्त एक अट ध्यानात घ्या. आयफोनवरील सफारी, वाचकाने सात दिवस स्थळ वापरले नाही तर स्क्रिप्टने साठवलेली ही माहिती पुसून टाकते. फक्त रविवारी कोडे सोडवणाऱ्याचा एखादा रविवार चुकला की त्याची नोंद गेली. होम स्क्रीनवर स्थळ जोडलेल्यांना ही अडचण येत नाही, त्यामुळे ती सूचना नोंदीशेजारीच द्यावी, आणि नोंद उतरवून ठेवता येईल असा एक लहानसा संकेतांकही द्यावा.


आडवे_उभे :

मी प्रोग्रॅमर नाही. साप्ताहिकांसाठी बरीच वर्षे शब्दकोडी रचत आले आहे. तुमच्या चर्चेत कोडे रचणाऱ्याची बाजू आली नाही, म्हणून लिहिते.

नऊ बाय नऊ हा आकार फोनसाठी मोठा आहे. ३६० पिक्सेल रुंदीच्या पडद्यावर प्रत्येक घराला जेमतेम ४० येतात, असे माझ्या भाच्याने मोजून सांगितले; सात घरे ठेवली तर ५० च्या वर मिळतात आणि साठीच्या वाचकाचे बोट बरोबर घरात पडते. रचनेच्या दृष्टीनेही लहान चौकट बरी. इंग्रजीत सव्वीस वर्णांत काट जुळवायचा असतो, आपल्याकडे 'का', 'की', 'कां', 'क्त' ही सगळी वेगवेगळी घरे होतात. त्यामुळे इंग्रजीसारखी दाट चौकट मराठीत ओढूनताणून होते, आणि ती भरण्यासाठी मग कोणी न वापरणारे शब्द घुसवावे लागतात. काळी घरे सढळ हाताने वापरा. त्यात कमीपणा नाही.

शुद्धलेखनाचे धोरण आधी ठरवा आणि स्थळावर लिहून ठेवा. साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांप्रमाणे 'कवी', 'गुरू' असे अन्त्य दीर्घ लिहितात, पण जुन्या वळणाचे अनेक वाचक 'कवि', 'गुरु' लिहितात आणि ते चुकीचे म्हटले की रीतसर पत्र पाठवतात. अन्त्य इकार-उकाराचा फरक संगणकाने सोडून द्यावा, असे मी सुचवीन, मात्र चौकट उलगडताना नियमाप्रमाणेचे रूप दाखवावे. 'संत' आणि 'सन्त' यांतला फरक मात्र सोडून चालणार नाही, कारण तिथे काटशब्दाचे अक्षरच बदलते.

शब्दांची सामान्यरूपे उत्तर म्हणून घेऊ नयेत. शोधसूत्रे स्वतः लिहावीत. दुसऱ्याच्या छापील कोड्यातली सूत्रे उचलणे हा हक्कभंग आहेच, शिवाय नेमाने कोडी सोडवणारा वाचक ते लगेच ओळखतो.

आणि साठा करा. रोज एक कोडे देणाऱ्याजवळ आरंभीच किमान दीड महिन्याची तपासलेली कोडी हवीत. कोडे रचायला जितका वेळ लागतो, तितकाच ते दुसऱ्याकडून सोडवून घ्यायला लागतो, कारण रचणाऱ्याला स्वतःच्या सूत्रातली संदिग्धता दिसत नाही. ज्या सूत्राला दोन उत्तरे येतात आणि काटाने एकही बाद होत नाही, ते सूत्र नसून भांडणाचे कारण असते. नोकरी सांभाळून हे करणार असाल, तर सोमवार ते शनिवार लहान कोडे आणि रविवारी मोठे, किंवा आठवड्यातून तीनच दिवस कोडे, असाही विचार करावा. ठरलेल्या वारी येणाऱ्या कोड्यावर वाचकाचा विश्वास बसतो. रोज म्हणून मध्येच न येणाऱ्यावर बसत नाही.

२७ फेब्रुवारीला सुरू करू नका. त्या दिवशी प्रत्येकाच्या फोनवर मराठीविषयीच्या शुभेच्छांचा असा पूर येतो की तुमचा दुवा कोणी उघडणार नाही. १४ ते २८ जानेवारी या मराठी भाषा संवर्धन पंधरवड्यात ओळखीच्या मंडळींत गाजावाजा न करता सुरू करावे. २७ तारखेला सांगायला मग महिनाभर चाललेले स्थळ हाती असेल.


चौकटकार :

आपणा सर्वांचे आभार. ओटीपी आणि वर्गणी दोन्ही वगळतो. चौकट सात बाय सातची करतो, रविवारी नऊची ठेवतो, आणि तारीख जानेवारीत आणतो. एकच इनपुट वापरण्याचा प्रयोग करून पाहिला. जीबोर्ड आणि इनस्क्रिप्ट या दोन्ही कळफलकांवर 'राष्ट्र' आणि 'ज्योत्स्ना' ठरल्या घरांत बसले.

दोन शंका उरल्या आहेत. नवे कोडे मध्यरात्री खुले करायचे असेल, तर ते भारतीय वेळेनुसार करावे की वाचकाच्या? आणि सोडवलेली चौकट व्हॉट्सॲपवर पाठवताना सोबत चित्र जावे म्हणून मी प्रतिमा तयार करणारी एक लायब्ररी वापरली, पण तिच्यात सगळी जोडाक्षरे सुटी पडतात आणि वेलांटी अक्षराच्या मागे जाते. फॉन्ट बदलूनही फरक पडला नाही.


जर्सीकर :

वेळेविषयी इकडच्या बाजूने सांगतो. भारतात मध्यरात्र होते तेव्हा न्यू जर्सीत आदल्या दिवशीच्या दुपारचे दीड किंवा अडीच वाजलेले असतात, म्हणजे भारतीय वेळ धरल्यास आमचे कोडे ऐन कामाच्या वेळी बदलते आणि सकाळी अर्धवट ठेवलेले संध्याकाळी दिसत नाही. वर्डलप्रमाणे वाचकाच्या फोनवरील तारखेनुसार कोडे दाखवावे. सिडनीच्या वाचकाला ते भारताच्या काही तास आधी मिळेल, हा तोटा किरकोळ आहे. एकाच कुटुंबातील लोक वेगवेगळ्या देशांतून सोडवतात आणि फोनवर उत्तरांची चर्चा करतात, तेव्हा 'आजचे कोडे' असे न म्हणता प्रत्येक कोड्याला ठळक क्रमांक द्यावा.

या पद्धतीत आणखी एक सोय होते. पुढच्या आठवड्याच्या फाइली आधीच चढवून ठेवता येतात. ठरावीक वेळी आपोआप प्रकाशित करणारी गिटहबची व्यवस्था मूलतः यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, चालते, भारतीय मध्यरात्रीसाठी तिथे आदल्या दिवशीचे १८:३० द्यावे लागतात, आणि गर्दीच्या वेळी ती उशिराही चालते. तिच्यावर रोजचे कोडे टांगून ठेवू नये.


अर्धचंद्र :

चित्राची अडचण फॉन्टची नाही. देवनागरी दाखवण्यासाठी शेपिंग, म्हणजे वर्णांचा क्रम लावून जोडाक्षरे घडवण्याची पायरी, आवश्यक असते आणि प्रतिमा तयार करणाऱ्या अनेक हलक्या लायब्ररींमध्ये ती नसतेच. पायथनची पिलो वापरत असाल, तर ती रक्म या लायब्ररीसह बसवलेली असावी लागते. जावास्क्रिप्टमधल्या सटोरीसारख्या साधनात ही सोय नाही. सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे पडद्याविना चालणाऱ्या क्रोममध्ये तेच पान उघडून त्याचे छायाचित्र घेणे, कारण ब्राउझरचे शेपिंग पूर्ण असते. कोड्यागणिक एकच चित्र लागणार असल्याने ते आधीच करून ठेवावे, आणि फाइल लहान ठेवावी. व्हॉट्सॲपवरील झलक पाठवणाऱ्याच्या फोनवर तयार होते. चित्र जड असेल तर नुसता दुवा जातो. दुव्याच्या पत्त्यातही देवनागरी नको: एका वर्णाचे तीन बाइट, आणि टक्केचिन्हांसह नऊ चिन्हे, असा हिशेब होऊन चार अक्षरांचा शब्द ओळभर लांब होतो. पत्त्यात कोड्याचा क्रमांक पुरे.

घरांच्या मांडणीबद्दल थोडे. पानाच्या एचटीएमएल टॅगवर भाषा 'एमआर' अशी घोषित करा. मुक्तासारख्या मुक्त फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ल आणि श असतील तर ते त्यामुळेच निवडले जातात, नाहीतर हिंदी वळण दिसते. सीएसएसमधील अक्षरांतर शून्यच ठेवावे, अन्यथा सूत्रांतल्या शिरोरेषा तुटतात. घराबाहेरचा भाग लपवण्याची सूचना काढून टाका आणि 'र्थी', 'ष्ट्रू', 'ट्ठ्यां' ही अक्षरे घरात बसवून पाहा. रफार वर आणि उकार खाली कापला जातो का, ते तिथेच कळेल. फॉन्टचा आकार कमी करण्यासाठी त्याचा सबसेट, म्हणजे लागणाऱ्या वर्णांपुरता भाग, काढलात, तर हीच अक्षरे पुन्हा तपासावीत, कारण चुकीच्या पर्यायांनी जोडाक्षरांचे नियमच गळून जातात.

आणखी एक गोष्ट सहसा सुटते. ज्यांच्या फोनची भाषा इंग्रजी आहे, त्यांना क्रोम मराठी पान भाषांतरित करण्याविषयी विचारतो, आणि अनेकांनी ते कायमचे चालू करून ठेवलेले असते. अशा वाचकाला तुमची शोधसूत्रे इंग्रजीत दिसतील आणि उत्तर मात्र मराठीत मागितले जाईल. त्याच टॅगवर 'ट्रान्सलेट'चे मूल्य 'नो' द्या.


आडवे_उभे :

तपासणीसाठी सोडवणारे हवे असतील, तर आमच्या गटातल्या चार-पाच जणी तयार आहेत. त्यांपैकी दोघींचे फोन बरेच जुने आहेत, एक आयफोनवर सोडवते आणि एक बोलून टंकते. पहिली दहा कोडी मागची उत्तरे न देता पाठवा, आणि प्रत्येक कोड्याखाली 'हे सूत्र पटले नाही' असे कळवण्याची जागा ठेवा. बोलून टंकणारीला पूर्ण शब्द एकदम भरता येतो की नाही, हे मात्र आधी तुम्हीच पाहून घ्या.